ढोलीच्या आधी कूळ

पुष्कळ जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका डोंगरमाथ्यावर रान होतं. तिथे ढग झाडांतच मुक्कामाला असत. दरड कोसळून घर गेलेली एक पक्षीण त्या रानात आली. पाठ हिरवी, छाती पिवळी, पोट लालभडक, शेपूट निळं. अंडं घालायची वेळ जवळ आली होती. उंबरावर एक ढोली रिकामी दिसली, ती तिने मागितली.

पण रानाचा नियम असा, की आधी कूळ ठरायचं, मग ढोली मिळायची. त्याच उंबरावर सभा भरली. चोच पाहून कोणी म्हणालं, ही तांबटांपैकी. पाय पाहून कोणी म्हणालं, सुतारांपैकी. पोपट म्हणाले, एवढे रंग आमच्याशिवाय कोणाला असणार? मात्र आपल्या फांदीवर जागा द्यायची वेळ आली की तेच म्हणत, छे, ही आमची नव्हे. पक्षीण रोज पंख पसरून दाखवी, चोच उघडून दाखवी. दाखवून दाखवून बिचारी मेटाकुटीला आली.

शेवटी सभेचा प्रमुख, म्हातारं घुबड, डोळे मिटूनच म्हणालं, "खरं कूळ कळतं ते पिल्लावरून. पिल्लू आणून दाखव आणि ढोली घे."

पक्षिणीचं डोकंच फिरलं. "आजोबा, अंडं ठेवायलाच तर ढोली मागतेय मी. ढोली नाही, तर पिल्लू कुठून आणू?"

"मुद्दा चांगला आहे," घुबड म्हणालं. "पुढच्या सभेत घेऊ."

अंडं काही सभेसाठी थांबत नाही. ते उघड्या बेचक्यात घालावं लागलं, आणि वाऱ्याने खाली पडून फुटलं. पक्षीण रडली, चिडली, आणि पुन्हा सभेकडे फिरकली नाही. ओढ्याकाठचा एक कुजका बुंधा चोच दुखेपर्यंत कोरून तिने स्वतःची ढोली केली.

सभा चालूच राहिली. तेवढ्यात उंबरावरच्या रिकाम्या ढोलीत एक धामण शिरली. तिला कूळ विचारायची कोणाची छाती झाली नाही. तिने आसपासची सगळी अंडी फस्त केली, आणि सभेला उंबर सोडून पळावं लागलं.

पुढे एकदा घुबड सगळ्यांना घेऊन बुंध्यापाशी आलं. "पोरी, तुझं कूळ एकमताने ठरलं बघ."

ढोलीत पिल्लं चोची वासून ओरडत होती. पक्षिणीने त्यांना अळी भरवली आणि दुसरी आणायला उडून गेली. कोणतं कूळ, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

तात्पर्य: दारी आलेल्याला आधी आसरा द्यावा, तो कोण, हे मागाहून विचारावं.