जिंकलेल्याचा रिकामा हात

"जिंकलास ना? मग खजिन्याचा तिसरा हिस्सा टाक!" आनंदराव महाराज गरजले.

"पण महाराज, जिंकलो नऊशे आणि हरलो बाराशे!" मी कळवळून म्हणालो. "उलट तीनशे माझ्याच गाठीचे गेले."

"हरणं ज्याचं त्याचं! कर जिंकण्यावर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत तीनशे रुपये आण, नाहीतर तुझी म्हैस लिलावात!"

मी सटवाजी, राजवाड्याच्या दारावर शिंग फुंकणारा. फुंकण्याच्या कामाला डोकं लागत नाही, हे माझं भाग्य. नदीपलीकडे एडक्यांच्या टकरींचा एक अड्डा होता. आपण घरीच बसायचं, अड्ड्याच्या कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधायची, 'काळ्यावर दहा रुपये', आणि सोडून द्यायचं. संध्याकाळी निकाल दारात! जायला नको, यायला नको. ज्यांचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नाही, अशा एडक्यांवर मी वर्षभर पैसे लावले. काळा एडका काळाच होता की नव्हताच, देव जाणे!

आणि माझी अक्कल पाहा. जिंकलो की दारात उभा राहून सरकारी शिंग फुंकायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे वाटायचो. हरलो की गोठ्यात जाऊन म्हशीच्या आड बसायचो. त्यामुळे माझ्या जिंकण्याला सारं गाव साक्षीदार, आणि हरण्याला एकटी म्हैस!

घरी येऊन बायकोला सांगितलं. चिमा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला. तिने ओरडावं म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो, पण ती शांतपणे म्हणाली, "म्हैस माझ्या माहेरची आहे. लिलाव तुमचाच केला असता, पण तुमच्यावर बोली कोण लावणार?"

आणि पदर खोचून थेट महाराजांपुढे गेली. मी मागे मागे, जरा अंतर ठेवून.

"महाराज, तुमच्या या करात जिंकलेल्याच्याही हाती काही उरत नाही."

"छट्! जिंकला आणि तरी हात रिकामा, असा माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

"मी दाखवला तर?"

महाराज एकदा हट्टाला पेटले की राणीसाहेबसुद्धा माघार घेतात. ते म्हणाले, "ठीक आहे! उद्या असा माणूस या दरबारात आणून उभा कर. तुझा नवरा चालणार नाही, तो जिंकला की बोंबलतो आणि हरला की लपतो. ज्याच्या शब्दावर माझा डोळे झाकून विश्वास बसेल, असा माणूस हवा. आणलास तर कर माफ. नाही आणलास तर म्हशीबरोबर घरही जाईल!"

झालं! आधी फक्त म्हैस जात होती, आता घरही! मी रात्रभर कूस बदलत राहिलो, आणि चिमा चक्क घोरत होती.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती बेसनाच्या लाडवांचं ताट घेऊन. बरोबर माणूसबिणूस कोणी नाही!

"कुठाय तुझा माणूस?" महाराजांनी विचारलं.

"येतोय, महाराज. तो येईपर्यंत कवड्यांचा एक डाव होऊन जाऊ द्या. निम्मे लाडू तुमचे, निम्मे माझे. जो जिंकेल त्याने समोरच्याचा लाडू घ्यायचा. आणि कायदा म्हणजे कायदा, जिंकलेल्या लाडवाचा तिसरा हिस्सा खजिनदारांना!"

तुपाचा वास दरबारभर पसरला होता. महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि खजिनदार त्रिंबकपंत तर बोलावण्याआधीच पुढे सरकून बसले.

कवड्या पडल्या. महाराज जिंकले! पंतांनी तिसरा हिस्सा मोडला आणि गट्ट केला. पुन्हा कवड्या पडल्या. चिमा जिंकली. पंतांनी तिच्याकडूनही मोडून घेतला. महाराज जिंकले, पंतांनी खाल्ला. चिमा जिंकली, पंतांनी खाल्ला! लाडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दर खेपेला थोडा पंतांच्या पोटात. दोन्ही ढीग उतरत चालले आणि पंतांचं उपरणं मात्र वर चढत चाललं. शेवटी महाराजांजवळ एक तुकडा उरला. तोही त्यांनी ईर्ष्येने डावावर लावला आणि हरले.

"अरे!" महाराज ताटाकडे बघत राहिले. "मी तर कितीतरी डाव जिंकलो! एकसुद्धा लाडू धड खायला मिळाला नाही. पंत, मी हरलोही आहे! त्यातले थोडे परत द्या."

पंतांचं तोंड भरलेलं होतं. ते सवयीने म्हणाले, "छे छे, महाराज! हरणं ज्याचं त्याचं! कर जिंकण्यावर आहे."

मी हळूच खांबाआड सरकलो.

चिमाने हात जोडले. "महाराज, माणूस आला. पुष्कळ जिंकला, तरी हात रिकामा. आणि त्याच्या शब्दावर तुमचा डोळे झाकून विश्वास आहे. दरबारात आणून उभा कर म्हणाला होतात. तेवढं उभं राहायचं आता तुम्हीच मनावर घ्या!"

महाराजांनी आधी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग पंतांच्या पोटाकडे, आणि असे खदखदून हसले की पगडी डोळ्यांवर आली. पगडी सावरत ते खरोखरच उठून उभे राहिले!

"हरलो बुवा! आजपासून जिंकल्यातून हरलेलं वजा करायचं आणि उरेल त्यावरच हिस्सा. काही उरलं नाही, तर हिस्साही नाही. म्हैस सोडा!"

मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हात पसरले. महाराजांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कडं मागे घेतलं आणि चिमाच्या हातात घातलं.

"तुझ्याकडे दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत नदीपार गेलं असतं!"

एवढ्यात पंत ढेकर देत पुढे सरकले. "महाराज, या कड्याचा तिसरा हिस्सा..."

"पंत!" महाराज हसून हसून पाणावलेले डोळे पुसत म्हणाले, "आधी लाडू जिरवा!"