नाकावरची माशी

ही गोष्ट फार जुन्या काळची. एका डोंगरी राज्यात राजाच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष चालू होतं आणि मार्गशीर्षाची थंडी पडली होती.

गडावर एक द्वारपाल होता. माणूस इमानी, पण नाकावर माशी बसू देत नसे. एका संध्याकाळी मोठा दरवाजा बंद झाल्यावर एक म्हातारी वैदीण गाढवावर औषधांच्या थैल्या लादून आली. दरवाजातल्या लहान दिंडीची किल्ली द्वारपालाकडेच होती.

“पोरा, गारठा आहे. दिंडीतून आत घे.”

“दोन गाढवांसाठी दिंडी उघडत नाही,” तो वरूनच म्हणाला.

म्हातारी तटाखाली कुडकुडत राहिली.

पुढच्याच पंधरवड्यात शत्रूच्या टेहळ्यांनी द्वारपालाला रानात गाठलं. गडाची चोरवाट विचारली. त्याने सांगितली नाही. त्यांनी त्याचं नाक कापलं. राज्याचं नाक राहिलं, त्याचं गेलं.

तो तोंडाला फडकं बांधून घरात बसला. राजाने निरोप धाडला, “जागा तुझीच आहे. पण द्वारपालाचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे. फाल्गुनी पौर्णिमेला उघड्या तोंडाने उभा राहा, नाहीतर दुसरा नेमावा लागेल.”

“नाक लावणारी एकच बाई आहे,” बायको म्हणाली. “तिलाच तुम्ही गाढव म्हणालात.”

तो गेला. वैदिणीने त्याला ओळखलं. “ये. माझं दार बुटकं आहे, वाकावं लागेल.”

तो वाकला.

जखम पुरती भरल्यावर तिने मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमध्ये मात्र ती जोडलेली ठेवली, फळ देठाला असतं तशी. मग कातडी वळवून नाकाच्या जागी शिवली आणि श्वासासाठी एरंडाच्या दोन नळ्या बसवल्या.

“देठ मी कापीन. वेळ झाली की.”

गावातली पोरं म्हणू लागली, “द्वारपालाला सोंड फुटली!”

पौर्णिमेच्या सकाळी तो वस्तरा घेऊन तिच्याकडे आला. “आजी, हा देठ काप. सोंड घेऊन राजापुढे कसा उभा राहू?”

“तूच काप. पण आधी देठ चिमटीत दाब, आणि नाक बघ.” तिने पाण्याची परात पुढे सरकवली.

त्याने देठ दाबला. पाण्यात त्याला दिसलं, नाक राखेसारखं पांढरं पडत होतं. हात लावला तर गार. त्याने घाबरून चिमूट सोडली. हळूहळू नाकावर लाली परतली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

त्याने वस्तरा तिच्या हातात दिला आणि सोंडेसकट दरवाजावर जाऊन उभा राहिला.

राजा आला. नेमकी तेव्हाच एक माशी द्वारपालाच्या नव्या नाकावर बसली. त्याला ती कपाळावर वळवळल्यासारखी वाटली, म्हणून त्याने चापट मारली ती कपाळावर. माशी बसलेलीच.

“माशी कुठे, हात कुठे?” राजाने विचारलं.

“महाराज, नाक अजून कपाळाच्या घरी जेवतंय. वेगळं राहायला वेळ आहे.”

राजा हसला, शिपाई हसले. द्वारपालही हसला. त्याची जागा राहिली.

चैत्रात वैदिणीने पुन्हा देठ दाबून पाहिला. नाक लाल राहिलं, ऊबदार राहिलं. तिने देठ कापला, नळ्या काढल्या. द्वारपालाने छाती भरून श्वास घेतला. बाहेर मोहोर होता, त्याचा वास आला. त्याचे डोळे भरले.

“काय देऊ, आजी?”

“बघू पुढे.”

पुन्हा मार्गशीर्ष आला. एका संध्याकाळी, मोठा दरवाजा बंद झाल्यावर, खाली गाढवाच्या खुरांचा आवाज झाला. द्वारपाल काही न विचारता खाली उतरला. त्याने दिंडी उघडली, म्हातारीला हात धरून आत घेतलं, गाढवाला आत घेतलं, आणि दोघांना आपल्या शेकोटीजवळची जागा दिली.

ज्याच्यावर आपण जगतो, त्याच्याशी जोडणारा देठ तोडायची घाई करू नये.