आधी शेवटचं शेत

भोरकड्याला अजून गाडीवाट फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कड्याच्या उतारावर दोन वाड्या होत्या, एक वरची आणि एक खालची. ओढ्यातून एक पाट निघायचा आणि दोन्ही वाड्यांना पाणी द्यायचा. म्हणजे द्यायचा असं नुसतं म्हणायचं. रीत अशी होती, की आधी वरची शेतं भिजवायची आणि उरलं तर खाली सोडायचं. आणि खाली पोचायचं कधीच नाही.

खालच्या वाडीची ठमी लग्न होऊन वरच्या वाडीत आली. तिचा सासरा पाटकरी, पाटाचं पाणी पाळीपाळीनं सोडणारा. त्याचे गुडघे गेले, तसं फावडं ठमीच्या हाती आलं. ठमीला बसणं माहीतच नव्हतं. जेवतानाही ती उंबऱ्यातून आत-बाहेर करायची, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात तिचा भाऊ धावजी निरोप घ्यायला आला. त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी.

"ठमे, हरभरा करपला. उद्या दुपारी भांडी बांधून डोंगर उतरतोय. सगळी वाडीच निघालीय."

"दुपारच्या आत तुझ्या शेतात पाणी आणते."

"कुठलं आणतेस? तुझ्या सासरचे लोक घामसुद्धा आपल्याच बांधात जिरवतात!"

उजाडताच ठमीनं पाटातून वरच्या शेतांत पाणी शिरायची सगळी दारं चिखलानं लिंपून टाकली. लोक धावून आले. सासरा काठी टेकत पुढं झाला.

"सूनबाई, पाणी कुठं उलटं चालतं का?"

"पाणी सरळच चालेल, मामंजी. पाळी उलटी चालेल. आधी शेवटचं शेत."

आणि ती पाटातून पुढं निघाली. मागं कुणीतरी आपलं दार फोडलं, पण पाणी आत शिरलंच नाही. ठमी थांबली की थांबायचं, ठमी चालली की तिच्या टाचेमागून चालायचं, सवयीच्या गायीसारखं. असं म्हणतात.

वरची शेतं संपल्यावर कड्याखाली मात्र पाणी एकाएकी गडप झालं. तिथं पाटाच्या तळाला भलंमोठं भगदाड होतं. कित्येक वर्षं पाणी डोंगराच्या पोटात जात होतं, आणि सगळे म्हणत होते, ओढाच बारीक झाला. वरच्यांची शेतं तर आधीच भिजलेली असायची. इथवर येऊन बघणार कोण?

"आता तुमची पाळी या भोकाच्या पलीकडं आहे!" ठमी मागोमाग आलेल्या वरच्या लोकांवर ओरडली. "बुजवता, का बघत बसता?"

ऊन चढत होतं आणि वरचा गहू माना टाकत होता. शिव्या घालत का होईना, सगळे दगडमातीला भिडले. ठमी माती तुडवत होती. इतकी, की तिच्या पायाखाली कड्याचा खडकही मऊ झाला आणि भोकात उतरला, असं म्हणतात.

धावजी डोक्यावर भांडी घेऊन शेतातून निघाला, तेव्हा त्याच्या पावलांना गार लागलं. त्यानं खाली बघितलं. मग भांडी उतरवली.

"आता तरी टेक गं," तो समोर आलेल्या ठमीला म्हणाला.

"खिंडीपलीकडंही वाडी आहे," म्हणत ठमी चालू लागली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पण त्या वर्षी खिंडीपलीकडं झरा फुटला, असं म्हणतात.

आजही भोरकड्यावर ठमाईची पाळी चालते. दिवाळी सरली की पहिलं पाणी शेवटच्या शेताला. ते भिजलं की खालचे लोक ओल्या पाल्याचा धूर करतात, आणि तो दिसेपर्यंत वर एकही दार उघडत नाही. धुराला उशीर झाला, तर वरच्या वाडीतली माणसंच फावडी उचलतात आणि पाटाच्या काठानं खाली धावत सुटतात.