सुयांची भेट

एकदा एका डोंगराळ भागातल्या बाजारगावात एक वृद्ध कारागीर राहत होते. मुके झालेले रेडिओ आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हाताखाली पुन्हा बोलू लागत. सारा गाव त्यांना नाना म्हणे. त्यांच्याकडे एक तरुण शिष्या शिकत होती. पलीकडच्या खोऱ्यात दुरुस्ती करणारं कोणीच नव्हतं. तिथं स्वतःचं टेबल मांडायचं, हा तिचा ध्यास. नानांची अट एकच: "तपासणीची साधनं स्वतः कर. त्यांवर माझ्यासमोर एक काम पार पाड, आणि खुशाल निघ."

मग काय विचारता! संपलेल्या बॉलपेनांच्या नळ्यांत तिनं गोधडी शिवायच्या सुया बसवल्या. मांडववाल्यानं टाकून दिलेल्या दिव्यांच्या माळेची वायर घेतली, साबणाच्या डबीत दोन सेल ठेवले, वर जुन्या टॉर्चचा बल्ब लावला. दोन्ही सुया एका अखंड तारेला लावल्या, की बल्ब पेटे. तार आत तुटलेली असली, की तो विझलेलाच राही. पहिल्यांदा तो पेटला तेव्हा ती ओरडलीच, "नाना, बघा! कचऱ्यातून डोळा उघडला!"

नानांनी पेन हातात फिरवून पाहिलं. "देखणं झालंय. वायर आत शिरते तिथं गाठ मारलीस का?"

"गाठीनं टोपण नीट बसत नाही हो. आता कसं गुळगुळीत दिसतंय!"

नानांनी पेन तिच्या हातात परत ठेवलं.

त्यांची एक सवय शिष्येला फार दिवस कोड्यात टाकत होती. कुठल्याही वस्तूला आपल्या तपासणीच्या सुया लावण्याआधी ते त्यांची टोकं एकमेकींना टेकवीत. ती चेष्टा करी, "किती वेळा लग्न लावणार यांचं?"

"नांदतायत का ते बघतो गं," नाना म्हणत. म्हाताऱ्या माणसाचा एखादा नेम असावा, असं तिनं धरून ठेवलं होतं.

एके सकाळी गावातला एक व्यापारी लोखंडी पेटीचा जुना ध्वनिक्षेपक घेऊन आला. "उद्या आईची पंचाहत्तरी. तिचं भजनी मंडळ गाणार, माईक तिच्याच हातात. मागं या पेटीला हात लावला तर मुंग्या आल्यासारखं झालं. भास असेल म्हणा, पण बघून द्या."

"हेच तुझं काम," नाना शिष्येला म्हणाले.

ती आनंदानं पुढं सरसावली. विजेची तार आत पेटीच्या पत्र्याला टेकली असेल, तर बल्ब पेटायला हवा. तिनं एक सुई प्लगच्या पिनेला लावली, दुसरी पत्र्याला. बल्ब विझलेला. पिना बदलून पाहिल्या. तरी विझलेलाच.

"भासच होता, शेटजी! निर्धास्त न्या."

व्यापारी पेटी उचलायला वाकला.

"थांबा," नाना म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून सुया घेतल्या आणि टोकं एकमेकींना टेकवली.

बल्ब पेटला नाही.

शिष्येचा चेहरा उतरला. तिनं पेन उघडलं. ओढाताणीत वायर सुईपासून केव्हाच सुटली होती. ओढ झेलायला आत गाठ नव्हती. तिनं घाईघाईनं सांधा जोडला, गाठ मारली, टोकं टेकवली. लख्ख उजेड! मग एक सुई पिनेला, दुसरी पत्र्याला. पुन्हा लख्ख उजेड.

व्यापाऱ्यानं पेटीवरचा हात झटकन मागं घेतला. "अहो, उद्या आईच्या हातात..."

वायर पेटीत शिरते त्या भोकाशी रबर झिजलं होतं आणि उघडी तार पत्र्याला घासत होती. शिष्येनं वायर बदलली, नवं रबर बसवलं. टोकं टेकवली, बल्ब पेटला. पेटी तपासली, विझलेला. तरी ती थांबली नाही. तिनं टोकं पुन्हा एकमेकींना टेकवली. बल्ब पेटला. तेव्हा कुठं ती म्हणाली, "आता न्या."

व्यापारी गेल्यावर तिनं विचारलं, "नाना, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू मान डोलावली असतीस," नाना हसले. "पोरी, पेटलेला दिवा एकच गोष्ट सांगतो. विझलेल्या दिव्याचे अर्थ दोन. समोर दोष नाही, हा एक; आणि दिव्यालाच बोलता येत नाही, हा दुसरा. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून जो गप्प आहे त्याला बोलता येतं का, हे आधी पाहावं. मगच त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावावा. आपल्या हातानं केलेल्या वस्तूवर जीव जडतो, तो जडू दे. पण पहिला प्रश्न तिलाच विचार."

शिष्या खाली मान घालून म्हणाली, "म्हणजे अजून इथंच राहू ना?"

"कशाला? शेवटी तू सुया पुन्हा टेकवल्यास, ते तुला कोणी सांगितलं होतं? टेबल मांड जा!"

तिनं दोन्ही पेनं छातीशी धरली आणि दुकानातून अक्षरशः पळत सुटली.

भरल्या सभेत 'कोणाची हरकत नाही ना?' या प्रश्नानंतर शांतता पसरते, तेव्हा ठराव लिहिण्याआधी आपणही एकदा सुया टेकवून पाहाव्यात.