दोन पाचरी

ज्या पत्रातलं एक अक्षर कळत नाही, ते कुणी तुमच्या हाती दिलं, तर जसंच्या तसं पुढे पाठवाल का तुम्ही?

हेरंबने पाठवलं नाही. मठात येण्याआधी वीस वर्षं तो छापखान्यात मुद्रितं तपासत होता. चूक दिसली की त्याचे हात अजून शिवशिवायचे.

तसं ते पत्र नव्हतंच. तो मठाच्या थोरल्या गुरुजींचा आवाज होता. गुरुजी गेले, मागे दोन ओळींचं गाणं तेवढं राहिलं. बेळगावच्या कमळाक्कांना ते एकदा ऐकायचं होतं. उद्या दहाला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं.

मठाच्या जुनाट संगणकावरून ईमेलने नुसती अक्षरंच जायची. म्हणून संगणक शिकवणाऱ्या रुबिनाबाईंनी त्या आवाजाची इंग्रजी अक्षरं करून दिली. तिकडे पोचल्यावर त्या अक्षरांचा पुन्हा आवाज व्हायचा होता.

दुपारी बेळगावहून फोन आला. काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

"काय केलंस रे?" सगुणाआईंनी विचारलं. गुरुजींच्या मागे मठ त्याच चालवत.

"काही नाही, आई. जरा नीट केलं. लहानमोठी अक्षरं एकसारखी केली, परिच्छेद पाडले. शेवटी बरोबरची दोन चिन्हं उगाच लोंबत होती, ती काढून टाकली."

"वाचता आलं तुला?"

"छे! नुसता गचाळपणा. म्हणून तर..."

आई खाटेवरून उठल्या.

मग म्हणाल्या, "माझी खाट ओसरीवर आण बघू."

खाट दारातून निघेना. हेरंबने ती उभी केली, आडवी केली, दाराला दोन शब्द सुनावले. शेवटी सगळी सुटी केली, पाय आणि दांडे एकेक करून बाहेर नेले आणि ओसरीवर पुन्हा जोडले.

"बघा आई! पहिल्यापेक्षा सुटसुटीत झाली."

"बस तिच्यावर."

तो बसला. खाटही बसली.

जमिनीवरूनच त्याने मूठ उघडली. "या दोन पाचरी उरल्या होत्या..."

"उरल्या नव्हत्या रे."

हेरंबने एकदा पाचरींकडे पाहिलं, एकदा मोडलेल्या खाटेकडे. मग त्या आईंच्या हाती देऊन, कंबर चोळत तो संगणकाकडे गेला. रुबिनाबाईंनी दिलेली मूळ अक्षरं तिथे तशीच होती.

थोड्या वेळाने तो पुन्हा दारात उभा.

"आई, गाण्याआधी गुरुजी दोनदा खोकलेत. रुबिनाबाईंना सांगून तेवढा खोकला तरी..."

आईंनी पाचर पुढे केली.

"आधी ही ठोक."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कमळाक्कांनी गुरुजींचं गाणं ऐकलं, खोकल्यासकट.