बंबाच्या गळ्यातला हार

चैत्रातली दुपार, चारची वेळ. बहिरोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी, शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. मांडवाच्या तोंडाशी पाण्याचा नवाकोरा लाल बंब उभा आणि त्याच्या पुढच्या काचेखाली झेंडूचा मनगटाएवढा जाड हार. मागे डोंगर, पायापासून माथ्यापर्यंत काळा.

एकदा एका तालुक्याच्या पंचायत समितीने वणवा विझवणाऱ्यांचा सत्कार करायचे ठरवले, त्या दिवसाची ही गोष्ट.

वणवा होळीनंतरच्या आठवड्यात लागला होता. कुणीतरी मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळायला काडी ओढली आणि आग हातची गेली. बहिरोबावर त्या वर्षी गुडघाभर पाचोळा होता. आगीला आणखी काय हवे असते? बंब धावला, भोंगा वाजवीत धावला आणि डोंगराच्या पायथ्याशी, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे थांबला. वर जायला गाडीवाट नाही, कधीच नव्हती. डोंगर काही काल येऊन बसलेला नाही; बंब घेताना तो सगळ्यांना दिसत होता. बिसरू मडावी नावाचा एक माणूस मात्र आग झोडपायला ऐनाच्या झाडाची हिरवी फांदी घेऊन वर गेला. वारा फिरला. तो खाली आला नाही. बंबाची टाकी भरलेलीच परत आली.

आता मांडवात बंबाच्या चालकाला शाल मिळणार होती, आणि बिसरूच्या बायकोला साडी-चोळी आणि नारळ. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती.

सत्कार ज्यांच्या हस्ते व्हायचा ते गावचे वृद्ध गुरुजी. चाळीस वर्षे त्याच शाळेत शिकवलेले, आता डोळ्यांनी थोडे अधू, पण पायांनी नाही. पंचायत समितीच्या सभापती हेमलताताई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. पद आले, गाडी आली, तरी कोणतेही मोठे काम हाती घेण्याआधी त्या गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसत. सगळ्याच कामांआधी बसत असत्या तर ही गोष्ट सांगण्याची वेळ आली नसती.

सूत्रसंचालकाने गुरुजींचे नाव पुकारले. गुरुजी उठले, व्यासपीठाच्या पायऱ्या न चढता सरळ बंबाकडे गेले, त्याच्या गळ्यातला हार सोडवला, आपल्या खांद्यावर टाकला आणि मांडवाबाहेर चालू लागले.

मांडवात कुजबुज सुरू झाली.

"गुरुजींना ऊन लागलं वाटतं," उपसभापती म्हणाले. "अहो, कुणीतरी पाणी न्या!"

"पाणी कशाला, बंबच न्या मागं," कुणीतरी म्हणाले. हशा झाला.

हेमलताताई हसल्या नाहीत. पदर सावरत त्या धावल्या आणि शाळेच्या कुंपणापाशी त्यांनी गुरुजींना गाठले.

"गुरुजी, काय हे! आमदारसाहेब येतीलच आता. लोक काय म्हणतील?"

"येऊ देत. त्यांना बंब दाखवायला उपसभापती आहेत. तू माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"जांभूळटेकडीवर."

"तिकडे काय आहे? जांभूळटेकडीला काही झालेलंच नाही."

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा वेग काही कमी झाला नाही.

बहिरोबाचा डोंगर आणि जांभूळटेकडी यांच्यामध्ये एक अरुंद खिंड आहे. खिंडीपर्यंत दोघे राखेतून चालले. सागाचे बुंधे कमरेपर्यंत काळे पडलेले. पायाखाली राख दबत होती आणि तिचा वास घशात बसत होता. हेमलताताईंच्या नव्या चपला करड्या झाल्या. आणि मग खिंड ओलांडताच काळा रंग थांबला. हळूहळू विरला नाही, थांबला, कुणी धरून ठेवल्यासारखा. पलीकडे झाडलेली, सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ लाल माती, तिच्यावर मोहाची झाडे आणि त्यांच्या वरच्या अंगाला आदिवासी पाड्याची गवताने शाकारलेली घरे. तशीच्या तशी, एकही काडी न जळलेली.

"काय दिसतंय?" गुरुजींनी विचारले.

"काही नाही, गुरुजी. मोकळी जमीन आहे."

गुरुजी एका दगडावर टेकले. हार अजून खांद्यावरच होता.

एका झाडाखाली एक बाई काटक्यांच्या खराट्याने झाडत होती. नुकतीच गळालेली पाने ती ओढून खड्ड्यात लोटत होती. हेमलताताईंनी तिला ओळखले आणि त्यांचा चेहरा उतरला. ती जैवंताबाई होती, बिसरूची बायको. मांडवातली रिकामी खुर्ची तिचीच.

"जैवंताबाई, आम्ही तुमची वाट पाहत होतो," हेमलताताई म्हणाल्या. "गाडी पाठवली होती."

"आली होती गाडी," जैवंताबाई हात न थांबवता म्हणाली. "पाठवली वापस. उद्या पहाटे फूल पडन. आज झाडलं नाही त पानात जाईल सारं. मानूस गेला म्हनून फूल थांबते का, बाई?"



मोहाचे फूल पहाटे गळते. पाचोळ्यात पडलेले फूल वेचता येत नाही, म्हणून झाडाखालची जमीन आधी साफ करावी लागते. त्याचे दोनच मार्ग: खराटा किंवा काडी. खराट्याला आठवडा लागतो, काडीला क्षणभर. जांभूळटेकडीवर घरे झाडांना लागून आहेत, म्हणून तिथे काडी ओढायची कुणाची छाती होत नाही. बाया झाडतात, एकीची जमीन दुसरीच्या जमिनीला मिळते आणि अख्खा उतार साफ होतो. बहिरोबावर घरे नाहीत. तिथे माणसे झाडत, ती पंचायत समिती मजुरी देई म्हणून. माघ लागला की मजुरी निघे. बिसरू आणि त्याच्याबरोबरचे लोक उतारावर बैलगाडीच्या वाटेएवढा पट्टा पाचोळा काढून साफ करीत. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते आणि खायला काही नसल्यामुळे मरते. मोहाखालची जमीनही त्याच मजुरीत झाडली जाई. दोन वर्षांपूर्वी ही मजुरी बंद झाली, खराटा घरी गेला आणि काडी परत आली.

"हेमलता," गुरुजी म्हणाले, "मजुरी बंद केलीस त्या दिवशी तू माझ्या ओट्यावर आली होतीस. नंतर आलीस, आधी नाही. काय म्हणाली होतीस, आठवतं?"

हेमलताताई खाली पाहत म्हणाल्या, "म्हटलं होतं, तीन वर्षांत एकदाही वणवा लागला नाही, मग जाळरेषेवर खर्च कशाला करायचा?"

"आणि मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, का लागला नाही ते आधी विचार."

"मग तू?"

"मी म्हटलं, गुरुजी, तुम्हाला अंदाजपत्रकातलं कळत नाही." त्या पुढे म्हणाल्या, "त्या निधीत बंब बसत होता. लोकांना दिसेल असं काहीतरी हवं होतं, गुरुजी. जाळरेषा कुणाला दाखवणार? उद्घाटन कशाचं करणार? झाडलेल्या जमिनीचं?"

जैवंताबाईचा खराटा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

 गुरुजी सावकाश म्हणाले, "पोरी, जंगलाचं रक्षण नीट झालं, की पाहायला काहीच उरत नाही. ना धूर, ना भोंगा, ना मांडव. तीन वर्षं तुझ्या पैशानं काम केलं आणि काम इतकं चोख झालं, की तुला ते निरुपयोगी वाटलं. जे जळलं तिथं आज तू हार घेऊन उभी होतीस. जे जळलं नाही तिथं एवढ्या दिवसांत कुणी फिरकलं का? आगीशी लढणाऱ्याचा मान मोठाच आहे. पण बिसरूला लढायला आपण पाठवलं. त्याच्या हातातला खराटा काढून घेतला आणि मग त्याला फांदी घ्यावी लागली. राज्य चालवणाऱ्याला न घडलेली गोष्ट दिसली पाहिजे. घडलेली तर आंधळ्यालाही दिसते, मलाही दिसते."

ते उठले, जैवंताबाईजवळ गेले आणि हार पुढे केला.

"हा कोनाले?" तिने विचारले.

"तुझ्या खराट्याला."

जैवंताबाईने हाराकडे पाहिले, मग गुरुजींकडे.

"खराट्याले हार? गुरुजी, तुमी मोठे मानूस, पन बोलन मी. खराट्याले हार नोका घालू. मजुरी द्या. ह्या वर्षी झाडलं, घर हाय म्हनून झाडलं. पुढच्या वर्षी मी एकटी हाय. पोटासाठी कामाले गेली त इथं कोन झाडन? मंग इथंबी काडीच लागन. मंग तुमी इकडंबी मांडव घाला."

गुरुजींनी मान खाली घातली. शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, आणि तिचे बोलणे त्यांना लागले.

जैवंताबाईने मात्र हार परत केला नाही. तिने झेंडूची फुले ओरबाडून खड्ड्यातल्या पानांवर टाकली, आतला सुती दोरा ओढून काढला आणि खराट्याच्या सुटत आलेल्या काटक्यांना त्याचे चार वेढे घालून दातांनी गाठ आवळली. मग ती पुन्हा झाडू लागली.

खालून भोंगा ऐकू आला. आमदार आले असावेत आणि त्यांना बंब वाजवून दाखवत असावेत. हेमलताताई तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि साफ जमिनीवरून, काळा रंग जिथे थांबला होता तिथपर्यंत, एकट्याच चालत गेल्या. मांडवात त्या परतल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी पंचायत समितीची सभा भरली. सभापतींनी स्वतः ठराव मांडला: दोन्ही डोंगरांवर दर माघात जाळरेषा काढायची, पाचोळा झाडायचा, त्याची मजुरी समितीच्या निधीतून द्यायची, आणि वणवा लागला नाही हे ती बंद करण्याचे कारण कधीही धरायचे नाही. सगळे हात भराभर वर गेले. उपसभापतींचा तर सर्वांत आधी. बाके वाजली. ठराव मंजूर झाला. जैवंताबाईला माघात मजुरी मिळेल.

बाकांचा आवाज थांबल्यावर हेमलताताई बसल्या नाहीत.

"आणखी एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात ही मजुरी बंद झाली. त्या ठरावाच्या बाजूनं ज्यांनी हात वर केला होता, त्यांनी आज पुन्हा करावा. बिसरू मडावीच्या घरी जाऊन मला ती नावं सांगायची आहेत. पहिलं माझं."

आणि त्यांनी हात वर केला.

पंखा फिरत होता. उपसभापती समोरचा चहा ढवळत होते. त्यात साखर केव्हाच विरघळली होती. हेमलताताई हात खाली न घेता बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसरा हात वर आला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो ठराव एकमताने मंजूर झाला होता.