शंखपुराच्या वेशीवरचा दिवा

फार पूर्वी अवंतीत राजा जितशत्रू राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व शंखपूर नगरीत सोमिल या नावाने जन्माला आला आणि वयात आल्यावर नगरसभेचा कोषपाल झाला.

शंखपुराने चांगले दिवस पाहिले होते. दक्षिणेकडचे तांडे तेथे मुक्काम करीत. घुंगरांच्या आवाजावरून कोणाचा तांडा आला ते मुले ओळखत, आणि पुढे आठवडाभर रस्त्यांना मिऱ्यांचा वास येई. नगरात विणकर पुष्कळ होते, पण नगर चाले ते तांड्यांच्या जकातीवर. वेशीबाहेरच्या चंदनी मंडपात नगरसभा दर पौर्णिमेला व्यापाऱ्यांना जेवू घाली.

पुढे डोंगरात नवी वाट झाली आणि तांडे तिकडून जाऊ लागले. जकात आटली, पण पौर्णिमेची पंगत थांबली नाही. पाने मांडली जात, वाट पाहिली जाई, आणि संध्याकाळी अन्न गुरांपुढे जाई. त्यासाठी नगरसभा नंदक श्रेष्ठी या सावकाराकडून कर्ज काढी. सभेचा प्रमुख भद्रसेन हा सोमिलचा बालमित्र. तो म्हणे, "अरे, उद्या तांडा आला आणि चूल थंड दिसली तर?" सोमिललाही ती घुंगरे आठवत. तो नवे कर्ज वहीत मांडी.

शेवटी व्याजही देता येईना. नंदकाने निरोप पाठवला, "नगराचा तलाव गहाण ठेवा, आणखी कर्ज देतो. मात्र लोकांना घागरीमागे मोल द्यावे लागेल." भद्रसेनने गहाणखतावर उठवायला नगराची मुद्रा उचलली. सोमिलने त्याचा हात धरला.

"तलाव आपल्या दोघांचा नाही, भद्रा."

"मग काय, नगर बुडालं म्हणून दवंडी पिटू?"

त्या मुलखात देणे फेडता न येणारा व्यापारी भर दिवसा दारात दिवा लावून बसे आणि आपले दिवाळे जाहीर करी. नगराने असा दिवा कधीच लावला नव्हता. सोमिलने तो वेशीवर लावला आणि शेजारी बसला.

"काय हो कोषपाल, डोळे गेले की काय? लख्ख ऊन पडलंय!" फुलवाली केसरा हसली. मग तिला अर्थ कळला आणि तिने टोपली खाली ठेवली.

बातमी कळताच नंदक धावत आला. "विझवा तो दिवा! आज तुम्ही बुडालात, उद्या माझे ठेवीदार माझ्या दारात उभे राहतील."

"त्यांनाही खरं सांगा, श्रेष्ठी. पाणी विकत घ्यावं लागलं तर विणकर नगर सोडतील. ओस नगराकडून काय वसूल कराल? व्याज सोडा. मंडप घ्या, सभेची चांदी घ्या, माझं घर घ्या. मुद्दल विणकरांच्या करातून दरवर्षी फेडू. तलाव तेवढा मागू नका."

नंदकाने तलावावर पाणी भरणाऱ्या बायकांकडे पाहिले.

"मंडपाचं लाकूड किडलेलं तर नाही ना?" त्याने विचारले. सोमिलला कळले की बोलणे पटले.

मंडप उतरवला गेला तेव्हा भद्रसेन शेवटच्या खांबाला हात लावून उभा होता. "आता तांडा आला तर बसवायचं कुठे?"

"आपल्या ओसरीवर," सोमिल म्हणाला. "तुझ्या. माझी आता नाही."

भद्रसेन रडता रडता हसला. तांडा आला नाही. माणसे मात्र नगरात राहिली.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आजचा भिक्खू आनंद. नंदक तो सारिपुत्त, केसरा ती भिक्खुणी उप्पलवण्णा, आणि कोषपाल सोमिल मीच होतो."

जे प्रिय होते ते आता नाही, हे चारचौघांत मान्य करणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.